दर्पण शाखेचा हॅलो

महिपतराव काटे यांचे आजोबा फौजेत होते, वडील पोलीस लायनीत होते, आणि ते स्वतः ग्वाल्हेरच्या नया बाज़ारातल्या एका सहकारी बँकेचं नेटवर्क सांभाळत. घराण्यात बंदुकीच्या जागी पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, पहिल्यांदा त्यांच्या हातात आला, असं ते स्वतःच म्हणत. उंच, सडपातळ माणूस. मिशा पिळदार, पण बोलणं इतकं हळू की मोबाइलवर समोरचा दोनदा विचारायचा.

२००९ साली आमची बँक इंदूरच्या एका मोठ्या सहकारी बँकेत विलीन झाली. आमच्या आठ शाखा, त्यांच्या बासष्ट. कागदावर विलीनीकरण ऑगस्टमध्येच झालं होतं. यंत्रांचं व्हायचं होतं नोव्हेंबरच्या एका रविवारी. ते काम महिपतराव आणि मी, अशा दोघांवर होतं. माझी नोकरी दोन वर्षांची, त्यांची एकवीस. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला बेटा म्हणायचे आणि बाकीच्यांसमोर ‘मॅडम’.

पुढचं कळायला राउटर काय करतो ते थोडं सांगायला हवं. प्रत्येक शाखेत एक राउटर असतो, साधी लोखंडी पेटी. दुसऱ्या शाखेपर्यंत जायचा रस्ता तो शोधतो. पण रस्ता तो कोणाला विचारत नाही. प्रत्येक राउटर फक्त स्वतःबद्दल बोलतो: मी अमुक नंबरचा, माझ्याशी हे हे रस्ते जोडलेले. ही खबर शेजारचा जशीच्या तशी पुढे देतो, त्याचा शेजारी त्याच्या पुढे. अशा सगळ्यांच्या खबरा गोळा झाल्या की प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होतो. खबरेला क्रमांक असतो. मोठ्या क्रमांकाची ती ताजी, लहान ती शिळी. आणि दर अर्ध्या तासाला प्रत्येकानं आपली खबर पुन्हा सांगायची, कारण तासभर जी खबर ताजी झाली नाही, ती सगळे आपापल्या वहीतून पुसून टाकतात.

याशिवाय दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला एक हॅलो. चाळीस सेकंद हॅलो आला नाही, तर शेजारी गेला असं धरायचं.

ग्वाल्हेरमधल्या आमच्या शाखा रेडिओनं जोडलेल्या होत्या. प्रत्येकीच्या गच्चीवर एक अँटेना, सगळ्यांची तोंडं नया बाज़ारच्या टॉवरकडे. त्यामुळे आठही राउटर एकाच बैठकीत बसल्यासारखे होते. अशा बैठकीत सगळे सगळ्यांना खबरा सांगायला लागले तर नुसता गोंगाट होईल, म्हणून ते एक मुख्य निवडतात आणि एक उपमुख्य. बाकीचे आपली खबर या दोघांना देतात, मुख्य ती सगळ्यांना सांगतो. निवडणूक साधी: ज्याचा नंबर मोठा, तो मुख्य. पण एकदा निवडला की तो हयात असेपर्यंत त्याला कोणी उठवत नाही. मागून त्याच्याहून मोठा आला तरी त्यानं गुपचूप बसायचं.

नंबर महिपतरावांनी लावले होते. सरदारांच्या गावातला माणूस, त्यांनी मानाप्रमाणे लावले. सगळ्यात जुनी शाखा नई सडक, तिला पहिला मान, म्हणून नंबर दहा. मग वीस, तीस, आणि सगळ्यात शेवटी उघडलेली दर्पण कॉलनी, तिला नव्वद. यंत्राला मान उलटा कळतो, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

“म्हणजे तुम्ही धाकट्या सुनेला घरची मुख्य केलीत,” आमच्या रेकॉर्ड खोलीच्या मंदाताई त्यांना चिडवायच्या.

“अहो, नई सडक आधीपासून चालू आहे, ती उठल्याशिवाय कोणी बसत नाही,” ते म्हणायचे. “आणि दर्पण तर बंदच झाली.”

दर्पण शाखा २००४ मध्ये बंद झाली होती. माझ्याकडच्या यादीत नव्वदच्या पुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: बंद.

म्हणून इंदूरवाल्यांना शिवपुरीच्या शाखेसाठी एक नंबर हवा होता, तेव्हा मी नव्वद दिला. महिपतरावांना विचारलं नाही. मोकळा नंबर, त्यात काय विचारायचं?

रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोन्ही नेटवर्क जोडली. इंदूर दिसलं, देवास दिसलं, उज्जैन दिसलं. मी टाळ्या वाजवल्या. महिपतरावांनी मिशीवर हात फिरवला. मग शिवपुरी दिसली. आणि गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली.

“लाइन खराब असेल,” मी म्हटलं.

इंदूरचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, “मॅडम, लाइन एकदम सही है. गड़बड़ आपकी तरफ़ है.”

मी नव्वदच्या खबरा उघडून बघितल्या. पहिल्या खबरेत लिहिलं होतं: मी नव्वद, मी शिवपुरीत आहे. क्रमांक बाराशे चार. पाच सेकंदांनी दुसरी खबर: मी नव्वद, मी ग्वाल्हेरच्या बैठकीत आहे, दर्पण कॉलनीचा रस्ता माझ्याकडे आहे. क्रमांक बाराशे पाच. मग पुन्हा शिवपुरी, बाराशे सहा.

अभ्यासात हे वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. राउटरला स्वतःच्या नावाची, पण आपण न दिलेली खबर ऐकू आली, तर तो घाबरल्यासारखा मोठा क्रमांक लावून खरी खबर पुन्हा सांगतो. समोरचाही तेच करतो. एकाच नावाचे दोघं, एकमेकांना न बघता, मी मी म्हणत राहतात. क्रमांक तेवढा चढत जातो.

पण दुसरा नव्वद होता कुठे? दर्पण कॉलनीतल्या त्या जागेत आता कोचिंग क्लास होता. मी जाऊन पाहिलेलं होतं.

मी आमच्या बैठकीचा तक्ता काढला. मुख्य कोण, या ओळीसमोर नई सडकेचा दहा असायला हवा होता. तिथे नव्वद होता. म्हणजे आमच्या आठही शाखांच्या खबरा एक बंद पडलेली शाखा सगळ्यांना सांगत होती. किती दिवसांपासून, देव जाणे.

“काका,” मी म्हटलं, “नव्वद जिवंत आहे.”

महिपतराव उठून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, ते विचार करताहेत.

मी आधी शिवपुरीचा राउटर बंद करायला लावला. भांडण थांबलं. आता एकच नव्वद उरला, दर्पणचा, शांतपणे दर दहा सेकंदांनी हॅलो करणारा. मग नेटवर्कच्या सगळ्या वायरी जिथे येतात त्या स्विचच्या मागे एकेक वायर हातानं चाचपत गेले. चौदाव्या भोकातल्या वायरीवर चिठ्ठी नव्हती. ती भिंतीतून रेकॉर्ड खोलीत शिरून माळ्याकडे जात होती.

मंदाताई रविवारच्याही आल्या होत्या, फायलींचे गठ्ठे इंदूरला पाठवायचे होते म्हणून. किल्ली त्यांच्या कमरेला.

“माळ्यावर काय आहे, ताई?”

“माळ्यावर?” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “काट्यांना विचार ना.”

“तुम्ही सांगा.”

“मी काय सांगू, बेटी. पाच वर्षं झाली, दर सोमवारी तो माणूस फडकं घेऊन वर चढतो. मला वाटलं, देव ठेवलाय.”

शिडीवरून वर पाहिलं तर कपाटाच्या डोक्यावर राउटर होता. आजूबाजूला बोटभर धूळ, पेटीवर धुळीचा कण नाही. हिरवा दिवा लुकलुकत होता. वरच्या बाजूला चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलेलं: दर्पण. बळवंत.

“हात नको लावू,” खालून महिपतराव म्हणाले.

बळवंत खानवलकर कोण, हे मला तेव्हा कळलं. मी येण्याच्या चार वर्षं आधीपर्यंत महिपतरावांसोबत काम करायचे ते. महिपतराव शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि हळू आवाजात, माझ्याकडे न बघता सांगू लागले. मंदाताई गठ्ठे बांधायच्या थांबल्या.

२००३ चा मे. दर्पण शाखेची अँटेना लावायची होती. रविवार, शाखा बंद, गच्चीवर बळवंत एकटे. इथे नया बाज़ारात महिपतराव स्क्रीनसमोर. दोघांकडे नवे मोबाइल. पारा पंचेचाळीसच्या वर, अंग भाजणारी लू सुटलेली.

“मी म्हणत होतो, थोडी डावीकडे. तो म्हणायचा, आता? मी म्हणायचो, नाही, अजून थोडी. तासभर हेच. मधे तो म्हणाला, काटे, चक्कर येऊन राहिली आहे, शाम को करते हैं. मी म्हटलं, बस यार, पाच मिनट. आणि मग दिसला. स्क्रीनवर नव्वद दिसला. मी ओरडलो, आलं रे, आलं, उतर खाली! फोन कटला होता. तेव्हा मोबाइल असेच कटायचे.”

“मग?”

“मग काय. डबा उघडला. जेवलो. समोर स्क्रीन चालू, नव्वद दर दहा सेकंदांनी हॅलो करून राहिला. मी मनात म्हणालो, बळवंत ठीक आहे. सोच, बेटा. पेटी बोलत होती, म्हणून मी माणसाला विचारलं नाही. पुन्हा फोन लावला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. उचलला तो शेजारच्या घरातल्या बाईनं. ती गच्चीवर कपडे काढायला आली होती, तिला तो पडलेला दिसला.”

पेटीचा पंखा तेवढा घरघरत होता.

वर्षानं शाखा बंद झाली. सामान भंगारात जायचं होतं. महिपतरावांनी राउटर पिशवीत घालून आणला, माळ्यावर ठेवला, आणि एका दिवसासाठी म्हणून जोडला. बळवंतनं लावलेला, बळवंतनं नाव घातलेला. जोडल्याबरोबर तो म्हणाला, मी नव्वद, दर्पण कॉलनीचा रस्ता माझ्याकडे आहे. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की शाखा बंद झाली. एक दिवस सरला, मग दुसरा. एकदा नई सडकेची बॅटरी बसली, तेव्हा उपमुख्य मुख्य झाला. पुढे तोही बंद पडला, आणि सगळ्यात मोठा नंबर म्हणून नव्वद वर सरकत मुख्याच्या जागेवर जाऊन बसला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“रोज बघायचो.”

मला काय करायचं ते समजत होतं, आणि करायला दोन गोष्टी होत्या. एक अगदी सोपी.

“काका, मी शिवपुरीचा नंबर बदलते,” मी म्हटलं. “एक्याण्णव देते. दोन मिनिटांचं काम. हा राहू दे इथेच. इंदूरला कोण विचारतंय?”

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मला माझंच बोलणं बरं वाटलं.

“राहील?”

“राहील की.”

मंदाताईंनी सुतळीला गाठ मारली. “म्हणजे आता त्या बिचाऱ्यानं सत्तर शाखांना हॅलो करायचं,” त्या म्हणाल्या. “मेल्यावर बढती.”

“मंदाताई!” मी म्हटलं.

“मी काय चूक बोलले? गेलेल्या माणसाला कामाला लावलंय पाच वर्षं. एक सुट्टी नाही.”

मी महिपतरावांची बाजू घेत म्हटलं की हॅलो फक्त शेजाऱ्यांना जातो, सत्तर जणांना नाही. ते बोलणं तिथे अगदीच निरुपयोगी होतं.

“खबर मात्र सत्तर जणांना जाईल,” ते म्हणाले. “दर्पण कॉलनीचा रस्ता माझ्याकडे आहे. शिवपुरी ऐकेल. देवास ऐकेल. खरं मानतील ते, यंत्रं आहेत.” मग त्यांनी विचारलं, “इंदूरला कधी सांगायचंय?”

“सहाला.”

“तुझी स्कूटर आहे ना? चल.”

“कुठे?”

“शरयू वहिनींकडे. तिचा नवरा दर दहा सेकंदांनी मला हॅलो करतो आणि तिला पत्ता नाही. आधी तिला सांगतो. मग बंद करतो.” आणि उठता उठता, “करता आलं तर.”

दर्पण कॉलनीत शरयू खानवलकरांचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दुपारचे तीन. त्यांनी दार उघडलं, महिपतरावांना पाहिलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. मग म्हणाल्या, “काटे भाऊजी. वाट चुकलात?”

त्या शाळेत गणित शिकवायच्या. टेबलावर उत्तरपत्रिका होत्या, लाल पेन उघडंच. पाणी आणून दिलं. महिपतरावांनी पेल्याला हात लावला नाही. उभ्यानंच सांगितलं सगळं. शाम को करते हैं, पाच मिनट, डबा, चाळीस मिनिटं, माळा. एक शब्द कमी केला नाही. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

शरयूताईंनी पेनाला टोपण लावलं.

“लगेच कोणी गेलं असतं तर?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“डॉक्टरांना विचारलं नाहीत?”

“हिंमत झाली नाही.”

“मीही विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. नंतर आवाज बदलला. “पण भाऊजी, मला साडेसहा वर्षं काय वाटत होतं, सांगू? तेराव्यानंतर तुम्ही आला नाहीत. मग बँकेतलं कोणीच आलं नाही. मी समजले, ह्यांनीच काहीतरी मोठी चूक केली असणार. मशीन बिघडवलं असेल, नुकसान केलं असेल. म्हणून कोणी तोंड दाखवत नाही. मी मुलीला सांगितलंय, बाबांच्या ऑफिसचा विषय काढायचा नाही. इतकी वर्षं मी त्यांना गुन्हेगार समजत आले. आणि तुम्ही तिकडे पेटी पुसत होता?”

महिपतराव खाली बसले. खुर्चीवर नाही, दाराजवळच्या फरशीवर. एवढा उंच माणूस.

“वहिनी, त्यानं काही चूक केली नाही. लाइन पहिल्या दिवसापासून एकदाही तुटली नाही.”

“हे तेव्हा येऊन सांगायचं होतं.”

“हो.”

“मला तुम्हाला माफ वगैरे करता येणार नाही. आज तर नाहीच.”

“मी मागायला आलो नाही.”

“मग पेटीचं मला कशाला सांगता? तुमच्या हातानं लावलीत, तुमच्या हातानं बंद करा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बंद केलं की लगेच जातं का?”

मी सांगितलं: हॅलो थांबतो, चाळीस सेकंदांत शेजाऱ्यांना कळतं, उपमुख्य मुख्य होतो. पण त्याची शेवटची खबर सगळ्यांच्या वहीत राहते. दुसऱ्याची खबर कोणी खोडू शकत नाही, तसा नियम आहे. त्याच्यापर्यंत जायचा रस्ता उरत नाही, पण नाव राहतं. शेवटच्या खबरेपासून तासभर.

“तासभर,” त्या म्हणाल्या. “बरं. जाऊ द्या आता.”

आम्ही स्कूटरवरून बँकेत परत आलो.

चार वाजून दहा मिनिटांनी नव्वदनं आपली खबर ताजी केली. महिपतराव त्याचीच वाट बघत स्क्रीनसमोर बसले होते. शेवटची तरी पूर्ण सांगू दे, म्हणाले. मग शिडी चढले. मी खाली स्क्रीनपाशी, मंदाताई शिडी धरून. महिपतरावांचा हात वायरीवर गेलेला मला दारातून दिसत होता. तो तिथेच राहिला. एक हॅलो आला. दुसरा. तिसरा. मी मोजत होते. सतराव्यानंतर पंख्याची घरघर थांबली.

दहा सेकंद. वीस. चाळिसाव्या सेकंदाला तक्त्यातून नव्वदची ओळ नाहीशी झाली, उपमुख्य मुख्य झाला. एकही शाखा तुटली नाही. यंत्रांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

खबरांच्या वहीत मात्र तो होताच. मी नव्वद. दर्पण कॉलनीचा रस्ता माझ्याकडे आहे. शेजारी वय, सेकंदांत: दोनशे साठ.

“सगळे राउटर बंद करून चालू केले तर आत्ताच पुसलं जाईल,” मी म्हटलं.

“राहू दे,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

मी तिथेच थांबले. बाहेर नया बाज़ारात दुकानांचे दिवे लागत होते. कोणत्याही शाखेची वही उघडली तरी तो दिसत होता, नई सडकेवर, मुरारमध्ये, देवासला, उज्जैनला, जिथे त्याला कधी कोणी पाहिलं नव्हतं. वय वाढत होतं. दोन हजार. अडीच हजार. तीन हजार. पोचायचा रस्ता नसलेलं नाव सत्तर ठिकाणी एकाच वेळी म्हातारं होत होतं. मंदाताई आल्या, शेजारी उभ्या राहिल्या.

पाच वाजून सहा मिनिटांनी महिपतरावांचा मोबाइल वाजला. ते बघत राहिले, मग उचलला. आवाज इतका स्पष्ट येत होता की मलाही ऐकू आला.

“झालं का?” शरयूताई.

“अजून चार मिनिटं आहेत, वहिनी.”

“मी फोन चालू ठेवते.”

त्या बोलल्या नाहीत, हेही बोलले नाहीत. फोन कानाला, नजर स्क्रीनवर. तीन हजार चारशे. पाचशे. पाचशे नव्वद. मी शेवटचे आकडे मोठ्यानं वाचायला लागले होते आणि मधेच थांबले. तीन हजार सहाशे झाले, आणि ओळ नव्हती. वरची ओळ खालच्या ओळीला येऊन चिकटली.

“गेलं,” महिपतराव म्हणाले.

पलीकडून काही आलं नाही. त्यांनी फोन कानावर घट्ट दाबला.

“वहिनी? वहिनी, तुम्ही आहात ना?”

“आहे,” त्या म्हणाल्या. “बोला.”